भिंतीपासून नऊ गाठी

आईचा फोन आला तेव्हा मी एका गल्लीखालची पाण्याची नळी दुसऱ्या गल्लीखालच्या नळीला जोडत होते, म्हणजे कागदावर. “शनिवारी बाळाला वर आणायचंय,” आई म्हणाली, आणि मला काही उमगायच्या आत माझं दूध सुटलं. शरीराला अक्कल नसते. त्याला ‘बाळ’ एवढंच कळलं. माझी मुलगी सात महिन्यांची, तीन रस्ते पलीकडे पाळणाघरात झोपलेली, आणि आई काही तिच्याबद्दल बोलत नव्हती. पण छातीत कळ आली ती आलीच. मी हातातली फाइल छातीशी धरली. पलीकडच्या टेबलावरच्या बाई चष्म्यावरून बघून हसल्या. त्यांची तीन झालीत. “गजर झाला वाटतं,” म्हणाल्या. फोनमध्ये आई सांगतच होती. चर्चमधून पत्र आलंय, समुद्र खालच्या अंगाने आत येतोय, आणखी दोन वादळं झाली की भिंत बसणार, म्हणून दफनभूमीच्या खालच्या रांगा वरच्या जमिनीवर न्यायच्या ठरल्यात, घरच्यांनी हजर राहायचं. “मी फादरना विचारलं, ह्यांच्या कबरीशेजारी ठेवता येईल का? तर म्हणाले, शेजारी कशाला काकू, त्यांच्यातच ठेवू. बाळाला कितीशी जागा लागते!” लग्नाची तारीख निघालेल्या घरातून बोलावं तसा तिचा आवाज होता. “पत्राबरोबर नकाशा आलाय. आपला दगड एकवीस नंबर. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. कबर खणणाऱ्या नव्याकडून फोटो काढून पाठवलाय. बघ जरा बरोबर आहे का. तुझंच काम आहे ते.”

बाळ म्हणजे माझा भाऊ. अकरा दिवस जगला. मी तेव्हा सहा वर्षांची होते. नाव ठेवलं होतं त्याचं, पण घरात ते कुणी उच्चारलं नाही, आणि न वापरलेल्या कपड्यासारखं ते कुठेतरी तळाशी जाऊन बसलं. तो बाळच राहिला. अठ्ठावीस वर्षं बाळ. आणि त्यातली चोवीस वर्षं दर रविवारी प्रार्थना संपली की आई घरून आणलेला पाण्याचा डबा घेऊन खालच्या रांगेत जाते, गुडघ्याएवढ्या दगडाभोवती लावलेल्या झाडांना पाणी घालते, दगड ओल्या हाताने पुसते, आणि इकडेतिकडे बघून, कुणी नाही असं पाहून, अंगाई म्हणते. लहानपणी मला त्या अंगाईची लाज वाटायची. मी भिंतीवर बसून पाय हलवत समुद्राकडे बघायची, म्हणजे मी ह्या बाईबरोबर नाही असं समुद्राला वाटावं. आता मिरीला झोपवताना (आमच्या मुलीला आई मिरी म्हणते, एवढीशी पण झोंबते म्हणून) मी तीच अंगाई म्हणते आणि दुसऱ्या कडव्यापाशी माझा आवाज खाली येतो, आईचा येतो तसाच, कुणी ऐकत नाही ना असा.

फोटो उघडला. नकाशा चांगला काढला होता. दुसऱ्याची रेघ आवडली की मला आपोआप त्या माणसाबद्दल बरं वाटतं. वर चर्च, त्याला लागून घंटाघर, मग दफनभूमी उतरत उतरत भिंतीपर्यंत, प्रत्येक दगडाला नंबर आणि भिंतीपासूनचं अंतर. एकवीस नंबर: सात मीटर वीस. सगळं बरोबर होतं. मी आईला ‘बरोबर आहे’ असं लिहिलं आणि पाठवलं नाही. का पाठवलं नाही ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. घरातून निघाल्यावर काहीतरी गॅसवर राहिल्यासारखं वाटतं, तसं वाटलं. बोटांना काहीतरी आठवत होतं. थंड, खरखरीत, डांबराच्या वासाचं.

चर्चच्या दाराशी एक पत्रक मिळतं, त्यात गावाने आपला इतिहास दोन पानांत बसवलाय. होडीवाल्यांनी महिन्यातून एका दिवसाची मासळी देऊन चर्च बांधलं, दगड जहाजांच्या तळातून आले, समतोलासाठी भरलेले आणि इथे माल चढवायला उतरवलेले, म्हणून एकाही भिंतीचा रंग दुसरीला मिळत नाही. चर्चची पाठ समुद्राकडे आहे. पत्रकात म्हटलंय, वाऱ्यापासून बचावासाठी. आई म्हणते, छे, ज्या वर्षी पाया घातला त्या वर्षी समुद्राने चौदा माणसं नेली, गाव रुसलं होतं त्याच्यावर. मला आईचा इतिहास जास्त पटतो. चर्च दोनदा जळलं, एकदा दिव्याने, एकदा विजेने, आणि दर वेळी बांधताना थोडं सरकलं. एकदा तर दारच पश्चिमेचं दक्षिणेला गेलं. पण समुद्राची भिंत चर्चच्याही आधीची. होड्या बांधायला घातलेली, लोखंडी कड्यांची. म्हणून गावात म्हण होती: चर्च हलेल, भिंत हलायची नाही. आणि म्हणूनच, पत्रकात हे नाही, पण गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की आमच्याकडे कबरी भिंतीपासून मोजतात. दगड परवडतो तो वरच्या बाजूला, दर्यावर्दी आणि व्यापारी लोकांना, संगमरवरी देवदूतांसकट; खारं वारं त्या देवदूतांची नाकं खाऊन गेलंय आणि ते सगळे एकमेकांचे भाऊ दिसतात. मधे आम्ही बाकीचे. खाली लाकडी क्रूस, आणि लाकूड त्या हवेत पाच वर्षं टिकलं तर नशीब. मग माणूस कुठे आहे हे कसं कळायचं? आधी पावलांनी मोजायचे. पण एक कबर खणणारा ताडमाड उंच होता, त्याच्यामागून आला तो बुटका, आणि उंचाने पुरलेलं बुटक्याला सापडेना. तेव्हा कुणा फादरने दोरी करून घेतली. पावलाएवढ्या अंतरावर गाठ, डांबर लावलेली. दोरी जुनी झाली की तिच्याशेजारी नवी ताणून गाठी मारायच्या आणि मग जुनी जाळायची. मृतांच्या वहीत नाव, वय, तारीख आणि शेवटी गाठींचा रकाना. बाळाच्या पुढे लिहिलंय: भिंतीपासून नऊ, कोपऱ्यापासून चौदा. हे आकडे आमच्या घरात प्रार्थनेसारखे पाठ आहेत.

लहान मुलं अगदी भिंतीपाशी ठेवायचे, कारण तिथे कमरेएवढं खणलं की पाणी लागतं आणि मुलांना खोल लागत नाही. त्यांच्यानंतर समुद्राने आणलेले अनोळखी. मग गाव.

त्या दिवशी दोरीचं टोक मी धरलं होतं. बोटांना आठवत होतं ते हे. म्हातारा कबर खणणारा (‘जुना’ म्हणायचे त्याला) माझ्यासमोर उकिडवा बसला, त्याच्या तोंडाला कांद्याचा वास येत होता, आणि माझ्या मुठीत दोरीचं टोक देऊन म्हणाला, “इथे धर. भिंतीला पाठ लाव आणि हलू नकोस. तू हललीस तर तुझा भाऊ हलला.” बाबा पेटी घेऊन उभे होते. एवढीशी पेटी, पण त्यांनी ती दोन्ही हातांवर घेतली होती, भरल्या ताटासारखी. आई नव्हती, तिला ताप होता. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि माझ्या खांद्यात काहीतरी रुतत होतं, होड्या बांधायची कडी, गंजलेली, माझ्या मनगटाएवढी जाड. रुतत होती तरी मी हलले नाही. घरी गेल्यावर आईला काय सांगायचं तेही मी ठरवलं होतं: मी हलले नाही. सांगितलं की नाही, आठवत नाही. खांद्यावरचा गोल डाग मात्र कितीतरी दिवस होता, आधी लाल, मग निळा, मग पिवळा, आणि तो जाईल म्हणून मला वाईट वाटायचं.

दोन महिन्यांनी बाबांना शहरात जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही गाव सोडलं. आईला तिथे राहवत नव्हतं, हे खरं कारण. चार वर्षांनी परतलो, कारण आईला तिथेही राहवेना. मधल्या काळात मोठं वादळ होऊन गेलं होतं. ‘काठ थोडा गेला’ असं गावात सांगत. काठ थोडा गेला, भिंत पडली होती ती बांधून घेतली, लाकडं सगळी वाहून गेली. ‘जुना’ त्याच थंडीत छातीच्या दुखण्याने वारला, फादर बदलले. ‘नवा’ आला होता, जो अजूनही नवाच आहे, सत्तरीला टेकला तरी. त्याने वही उघडली, दोरी काढली, आणि टोक धरायला कुणी हवं होतं तर मी होतेच, दहा वर्षांची, अनुभवी. मी भिंतीला पाठ लावली. पाठीला काही लागलं नाही. गुळगुळीत सिमेंट. “आई, कडी कुठाय?” मी विचारलं. “कसली कडी? गप उभी राहा,” आई म्हणाली. ती इतकी आनंदात होती. चार वर्षं तिला बाळ सापडलं नव्हतं आणि आता नव्याची पावलं नवव्या गाठीपाशी थांबणार होती. थांबली. आई तिथे बसली, जमिनीवर दोन्ही तळवे ठेवले, तव्याची धग बघावी तसे. बाबांनी दगड आणवला. मी परत विचारलं नाही.

कडी नव्हती, म्हणजे ती भिंत नव्हती. दहाव्या वर्षी मला एवढं कळलं होतं आणि मी ते चोवीस वर्षं खांद्यात ठेवलं.

दुपारी मी कपाटवाल्या काकांकडे गेले. आमच्या पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जुने नकाशे त्यांच्या ताब्यात असतात. कुणी नकाशा मागितला की मुलगी मागितल्यासारखं तोंड करतात. “किनाऱ्याचा? चाळीस वर्षांपूर्वीचा? तिथे कुठली पाइपलाइन निघाली आता?” मी म्हटलं, घरचं काम आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काय दिसलं देव जाणे, उठले आणि आणून दिला, वर धूळ झटकूनही दिली. काचेच्या टेबलाखालचा दिवा लावला. जुना नकाशा खाली, नव्या नकाशाची छापून मोठी केलेली प्रत वर. घंटाघरावर घंटाघर ठेवलं. शाळेचा कोपरा शाळेच्या कोपऱ्यावर बसला. विहीर विहिरीवर. हे मी रोज करते, दोन कागद एकमेकांवर ठेवून काय हललं ते शोधणं, आणि एरवी मला त्यात मजा येते. खालची एकच रेघ बसेना. जुनी भिंत नव्या भिंतीच्या पलीकडे होती, आता जिथे समुद्र आहे तिथे. पट्टी लावली. आठ मीटर. सात मीटर वीसला नऊ गाठी, म्हणजे एक गाठ ऐंशीची. आठ मीटर म्हणजे दहा गाठी. जुन्या भिंतीपासून नऊ गाठींवर जो होता तो नव्या भिंतीच्या बाहेर, एका गाठीने. काठ थोडा गेला. हे लपवायचं कुणी ठरवलं असेल असं म्हणायचं? कदाचित कुणीच नाही. ज्या गावात प्रत्येक तिसऱ्या घरातलं एखादं त्या रांगेत असतं, त्या गावात ‘मुलांची रांग गेली’ हे वाक्य कोण पहिल्यांदा उच्चारणार? दिवा बंद केला तरी ती दुहेरी रेघ मला दिसत राहिली. बाईंनी विचारलं, “बरं वाटत नाही का गं?” मी म्हटलं, दूध साठलंय.

मग जिन्यात उभं राहून फादरना फोन केला. तरुण आहेत, तीन वर्षांपूर्वी आले, फुटबॉल खेळतात. मी सांगितलं ते त्यांनी मधे न बोलता ऐकलं. म्हटलं, आमचा दगड जुन्या भिंतीपासून मोजला तर नऊ आणि दहा एकोणीस, कोपऱ्यापासून चौदा, वहीत बघता का? पानं उलटल्याचा आवाज आला, बराच वेळ. “सापडलं,” ते म्हणाले. “अनोळखी पुरुष. समुद्राने आणला. वय चाळिशीचं. खिशात किल्ल्या, पाच.” जिन्यात कुणीतरी चहाचे कप घेऊन वर गेलं. “काकूंना मी सांगू का?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको. “मग शनिवारच्या आधी सांगा. खणल्यावर कळायला नको त्यांना. आणि...” ते थांबले. “त्यांनी पेटी करून घेतलीय सुताराकडून. बघून गेलो मी, म्हणजे, बघून आलो. लहान आहे.” माणूस गडबडला की किती चांगला वाटतो.

शुक्रवारी मिरीला घेऊन बस पकडली. नवरा सोडायला आला होता. त्याला सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, “नाहीच सांगितलं तर? नव्याला म्हण वरवर खण, मूठभर माती पेटीत घाला. त्यांना काय कळणार?” त्याचा हेतू वाईट नव्हता. आणि मला तो मोह झाला हेही खरं. चार तास बसमध्ये मी त्या मूठभर मातीला धरून बसले होते. मिरी माझ्या बोटाला धरून झोपली होती. तिची मूठ सोडवायला गेलं की घट्ट होते, झोपेतसुद्धा. आईने मला कधी कशात फसवलं होतं का, हे मी आठवत होते. इंजेक्शन दुखेल का म्हटलं की ‘दुखेल’ म्हणायची. बाळ कुठे गेलं म्हटल्यावर ‘मेलं’ म्हणाली होती. शेजारच्या बायका हळहळल्या होत्या, अगं, पोरीला असं कुणी सांगतं? बाबा वेगळे. बाबा गोड बोलायचे, आणि बसथांब्यावर भेटलेल्या कुणालाही घरी जेवायला आणायचे. ‘हे बघ, कोण आलंय’ म्हणायचे, आणि आईने कोण म्हणून विचारलं की त्या माणसाकडेच वळून विचारायचे, ‘हां, आपलं नाव काय म्हणालात?’ आई स्वयंपाकघरात भांडी आपटायची आणि एक पान जास्त वाढायची.

घरी पोचले तर टेबलावर पेटी. दीड हात लांब, कोपरे इतके नीट जुळवलेले की सुताराने त्यात जीव ओतला होता. आत आईने पांढरं कापड शिवून बसवलं होतं आणि त्याच्या एका कोपऱ्यावर, उरलेल्या दोऱ्याने, एक छोटं निळं फूल. “हे उगीच,” ती म्हणाली, फूल अंगठ्याने झाकत. “दोरा होता म्हणून.” मी मिरीला तिच्या मांडीवर दिलं आणि म्हटलं, दमले गं. सांगितलं नाही.

सकाळी ती कळशीतून डब्यात पाणी भरत होती. विहिरीचं पाणी, नळाच्या पाण्याने झाडं मरतात असं तिचं म्हणणं. पाण्याचा आवाज डबा भरत येतो तसा चढत जातो. तो काठाला लागायच्या आत मी बोलले. एका दमात, नकाशा वाचून दाखवावा तसं. भिंत, आठ मीटर, दहा गाठी. एकोणीस. किल्ल्या. आईने कळशी खाली ठेवली. ओट्यावर सांडलेलं फडक्याने टिपलं, फडकं पिळलं, वाळत टाकलं, चिमटा लावला.

“नक्की?”

“नक्की.”

“म्हणजे बाळ...”

“वादळातच. तेव्हाच.”

ती खुर्चीवर बसली. मिरी जमिनीवर बसून चमचा आपटत होती. आई त्या चमच्याकडे बघत राहिली. “तू म्हणाली होतीस,” ती म्हणाली. “कडी कुठाय म्हणून.” मी तिच्याकडे वळले. “ऐकलं होतंस तू?” “कान होते ना मला. आणि ती कडी मला ठाऊक नव्हती होय? लग्नाआधी त्याच कडीपाशी बसायचो आम्ही, मी आणि हे. तू विचारलंस, आणि मला एकदम असं... एखादं दार उघडतंय असं झालं. म्हणून तर तुझ्यावर खेकसले. दार लावून घेतलं.” तिने पदराने नाही, हाताच्या पाठीने नाक पुसलं, लहान मुलासारखं. “तुझा दोष नाही बाई त्यात. दहा वर्षांची होतीस. मी चांगली घोडी होते.”

मला वाटलं होतं ती रडेल, मी तिला धरीन, असं काहीतरी. बसमध्ये मी माझे हातही कुठे ठेवायचे ते ठरवलं होतं. पण तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “चाळीस वर्षांचा बाप्या,” ती म्हणाली. “आणि मी चोवीस वर्षं त्याला ‘नीज रे माझ्या सोन्या’ म्हणतेय!” आणि ती हसायला लागली. आवाज न होता, खांदे गदागदा. मीही. “दाढीमिश्यांचा असेल गं!” मिरी आमच्याकडे बघून चमचा आपटायची थांबली आणि तीही हसली, कारण न कळता. हसू कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते सांगता येणार नाही. नंतर आई उठली, तोंड धुतलं, पेटीवर एकदा हात फिरवला आणि तिचं झाकण लावलं. “ही पुरायची नाही त्याला,” म्हणाली, आणि कपाटातून बाबांची मोठी चादर काढली, चांगली, पाहुण्यांसाठी ठेवलेली.

नवा कबरीपाशी कुदळ टेकून उभा होता. फादरनी त्याला सांगितलं असावं. तो मान वर करेना. “वहिनी, मीच मोजलं होतं.” “तू बरोबर मोजलंस रे,” आई म्हणाली. “भिंत सरकली. खण आता, उगीच कमरेवर भार देऊ नकोस.” त्याने झाडं आधी मुळांसकट अलगद काढून बाजूला ठेवली. मग माती. मी मिरीला घेऊन जरा लांब उभी होते, पण दिसलं मला: लांब हाडं, शहाळ्याच्या करवंटीच्या रंगाची, नीट ठेवलेली, कुणालाही त्रास न देता पडून असलेली. आणि कमरेपाशी गंजाचा एक गोळा, मुठीएवढा. नव्याने तो तळहातावर घेतला. किल्ल्या एकमेकींत विरघळून एक झाल्या होत्या. आईने तो गोळा हातात घेऊन वळवून पाहिला. “घरी दार उघडं ठेवलं असेल कुणीतरी,” ती म्हणाली. “किती दिवस ठेवलं असेल.” मग फादरांकडे वळली. “त्यांना कुठे नेणार आता?” फादर म्हणाले, ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठी वर एक मोठा खड्डा केलाय, काकू, प्रार्थना होईल रीतसर. “एकत्र?” “एकत्र.” आईने चादर उलगडली. “नको. ह्यांच्याजवळ ठेवा. जागा उघडून ठेवलीच आहे ना? ह्यांना चालेल. आयुष्यभर अनोळखी माणसं घरी आणली, आता एक मी आणते.” फादरनी कागद काढला, कारण कागद लागतोच. पेन थांबलं. “नातं काय लिहू?” आईने थोडा विचार केला. “लिहा, ओळखीचे.”

बाबांची जागा पुन्हा मातीने भरली, झाडं तिथे लावली, तोवर दहा वाजत आले आणि ओहोटी लागली होती. सगळं संपलं असं समजून मी पिशवी उचलली. आई भिंतीच्या काठाशी जाऊन उभी होती. खाली पाणी मागे गेलं होतं आणि गोट्यांच्या पलीकडे काळ्या दगडांची एक ओळ उघडी पडली होती. ती मला पाठ होती. शिंपले वेचायला आम्ही तिथवर पळत जायचो, ‘काळे दगड’ म्हणायचो, जसे ते आपोआप तसे रांगेत बसलेले असावेत. “तोच ना पाया?” आईने विचारलं. मी मान हलवली. “नव्या, दोरी आण.” “वहिनी, पाणी परत फिरेल तासाभरात.” “तासभर कशाला लागतोय? नऊ गाठी तर आहेत.”

मिरीला नव्याकडे दिलं. त्याने तिला कुदळीसारखं धरलं, मग बरं धरलं. आम्ही चपला काढून पायऱ्यांवरून उतरलो. गोटे निसरडे होते, आईने माझा दंड धरला होता आणि दुसऱ्या हातात डबा. काळ्या दगडांवर शेवाळ, मधे खेकड्यांची धावपळ. बाजूची भिंत जुनीच होती, तिच्या कोपऱ्यापासून चौदा मोजून मी थांबले, वाकले, हाताने शेवाळ बाजूला केलं. कडी नव्हती. पण दगडात एक भोक होतं आणि भोवती लाल डाग, गोल. मी दोरीचं टोक तिथे धरलं. आई दुसरं टोक घेऊन वर, गावाच्या दिशेने चालायला लागली, दोरी हातातून सोडत, ओठ हलवत. पाच. सहा. चाळिशीच्या आत दोन लेकरं झालेली, एक राहिलेलं, आता पासष्टीची बाई, घोट्याएवढ्या डबक्यांतून, साडी एका हाताने वर धरून. आठ. नऊ. नव्या भिंतीच्या अलीकडे एक गाठ राहिली होती. ती थांबली. तिथे काहीच नव्हतं. गोटे, आणि त्यांतून परत समुद्राकडे निघालेली पाण्याची बारीक रेघ. आईने खाली पाहिलं, डब्याचं झाकण काढलं, आणि मग माझ्याकडे वळून, ओशाळल्यासारखं हसून म्हणाली, “समुद्राला पाणी घालतेय बघ. वेडीच मी.” तिने डबा कलता केला. “गोडं आहे हे,” ती म्हणाली, मला नाही. “किती वर्षं खाऱ्यात आहेस. घोटभर गोडं घे.”

पाणी गोट्यांत लगेच जिरलं. ती डबा उपडा धरून उभी राहिली, शेवटचा थेंबही पडावा म्हणून, आणि अंगाई सुरू झाली. ह्या वेळी इकडेतिकडे न बघता. वर भिंतीवर नव्याच्या हातांत मिरी रडायला लागली, भुकेचं रडणं, मला लांबून ओळखू येतं. दूध सुटलं, दोन्ही बाजूंनी, ओघळ पोटावर आला. पाणी फिरलं होतं. पहिली लाट माझ्या घोट्यांना लागून आईच्या दिशेने गेली. दुसरं कडवं अजून बाकी होतं. मी दोरी धरून उभी होते. मी हलले नाही.